टॅटू स्टुडिओचा विमा: बँकेनं काढून दिलेला पुरतो का?

शाईवाला_सांगली
नमस्कार मंडळी. मारुती चौकाच्या बाजूला तळमजल्यावर माझा टॅटू स्टुडिओ आहे, मी आणि एक हेल्पर पोरगा. गेल्या महिन्यात एकानं दंडावर राजमुद्रा काढून घेतली, भोवतीनं लाल बॉर्डर. काही दिवसांनी नेमकं लाल तेवढंच सुजलं, खाज सुटली, काळ्याला काहीच नाही. सुई नवीन होती, पाकीट त्याच्यासमोरच फोडलेलं. आता त्याचे वडील म्हणतायत वकिलाची नोटीस पाठवतो. मी घाबरून व्हॉट्सॲपवर लिहून बसलो की काका माझीच चूक, सगळा खर्च देतो. मुद्रा लोन घेताना बँकेनं एक विमा काढला होता, कागद फाईलीत आहे पण कधी उघडून बघितला नाही खरं सांगायचं तर. त्यातनं हे निघेल का? नसेल तर आमच्या धंद्याला कुठला विमा घेतात?

सर्व्हेवाले_काका
क्लेमच्या पाहणीत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. बँकेनं काढलेला विमा हा बहुतेक करून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा असणार, १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांना हीच पॉलिसी आहे. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप हे त्यात येतं. म्हणजे तुझी खुर्ची, मशीन, एसी. गिऱ्हाइकाचा दंड त्यात येत नाही.

गिऱ्हाइकासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. तुझ्या ओल्या फरशीवर कोण घसरून पडला, हात मोडला, तर पब्लिक लायबिलिटी. तू सुई लावलीस त्यातनं काही झालं तर ते तुझ्या कामातलं नुकसान, त्याला प्रोफेशनल इंडेम्निटी लागते, आणि साध्या लायबिलिटीत हे कामातलं नुकसान बऱ्याचदा वगळलेलं असतं. डॉक्टर, सीए यांना इंडेम्निटी सहज मिळते, टॅटूवाल्याला मागून घ्यावी लागते. ती 'क्लेम्स मेड' असते, म्हणजे दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू पाहिजे आणि काम रेट्रोॲक्टिव्ह तारखेच्या, म्हणजे पॉलिसीत ज्या तारखेपासूनचं काम धरलेलं असतं तिच्या नंतरचं पाहिजे. ही भानगड होऊन गेल्यावर आज पॉलिसी घेतलीस तर या गिऱ्हाइकाचं काही निघणार नाही.

आणि तो मेसेज. लायबिलिटीच्या प्रत्येक पॉलिसीत अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देतो म्हणायचं नाही. तुझ्याकडं पॉलिसी असती तरी त्या एका ओळीनं क्लेम अडकला असता बघ. आता निदान पुढं काही लिहू नकोस, विचारपूस कर, स्किनच्या डॉक्टरकडं घेऊन जा, माणुसकीला कोण नाही म्हणत नाही.

सुईधागा_सातारा
भावा लाल शाईचं दुखणं जुनं आहे, सगळ्या रंगांत ॲलर्जी जास्त लालचीच, सुई कितीही स्वच्छ असली तरी होतं. त्यामुळं चूक तुझीच असं नाही. बाटलीचा बॅच नंबर लिहून ठेवलायस का? मी प्रत्येक फॉर्मवर बाटलीच्या लेबलचा फोटो चिकटवतो, फॉर्मवर ॲलर्जी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे सगळं विचारलेलं आणि वयाचा पुरावा. १८ च्या आतल्याची सही कायद्यानं कराराला चालतच नाही, पोरगं मिशा दाखवत आलं तरी आधार बघायचंच.

मी तीन ठिकाणी कोटेशन मागितलं होतं, दोघांनी टॅटू म्हटल्यावरच हात वर केले. तिसऱ्यानं दिलं पण एजंट म्हणत होता व्यवसाय 'सलून' लिहूया, हप्ता कमी बसतो. मी हटून बसलो, 'टॅटू काढणे' असं कागदावर आल्याशिवाय चेक दिला नाही.

बाकी माझ्याकडं राजमुद्रेत 'वर्धिष्णु'चा ष्णु चुकलेला एक गडी आला होता, दुसरीकडनं काढून. त्याचा विमा कुठंच मिळत नाही 😄 स्टेन्सिल लावल्यावर गिऱ्हाइकाला आरशात नको, फोटोत वाचायला लावून सही घ्यायची.

हरभट_रोडकर
टॅटूतलं मला कळत नाही, पुराचं कळतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझं दुकान चार दिवस पाण्यात. माल ४ लाखांचा होता आणि विमा २ लाखांचा, सामान वाचवून वाचवून नुकसान १ लाखाचं झालं. मला वाटलं एक लाख पूर्ण मिळणार. मिळाले ५० हजार, कारण अर्ध्याचाच विमा म्हणून भरपाई पण अर्धीच. तळमजल्यावर मारुती चौकात आहेस म्हणून सांगतोय, रक्कम तेवढी तपास.

सर्व्हेवाले_काका
बरोबर. नव्या सूक्ष्म उद्यम पॉलिसीत मालाची किंमत आणि विम्याची रक्कम यातली १५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडतात, त्याच्या वर गेलं की तोच हिशोब. आणि मशीन घेऊन जत्रेत स्टॉल लावत असशील तर पत्ता दुकानाचा असल्यानं तिथं ते कव्हर नाही, पोर्टेबल इक्विपमेंटचं वेगळं घ्यावं लागतं. हेल्परला सुई टोचली तर त्याचा एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामगाराला भरपाईचा भाग आणखी निराळा. त्याला हिपॅटायटिस बीची लस तरी दिलीयस का?

शाईवाला_सांगली
नाही दिली काका, या आठवड्यात देतो. आत्ता फाईल काढून बसलोय. व्यवसायाच्या रकान्यात 'ब्युटी पार्लर' लिहिलंय आणि विम्याची रक्कम बरोबर लोनएवढी, मी नंतर घेतलेली दोन मशीन आणि ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) यात कुठंच नाहीत. 🤦

सर्व्हेवाले_काका
मग आधी ते बदलून घे. बँकेला आणि विमा कंपनीला दोघांना मेल टाक, व्यवसाय आणि रक्कम दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल केल्याची लेखी नोंद माग, वस्तूंची बिलं जोड. फोनवर सांगितलं म्हणून झालं असं धरू नकोस, एन्डॉर्समेंटचा कागद हातात येऊ दे. इंडेम्निटीचं नंतर बघू, पाऊस सुरू व्हायच्या आत हे कर.