विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ चढत नाही, मग चालू मशीन भंगारात घालायचं का?

पत्रिकावाले_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण पूर्ण वाचून सांगा. अशोक चौकाच्या पुढं माझं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स असं सगळं चालतं. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्ही आय-फाइव्ह चौथ्या पिढीचे, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. एकावर मी डिझाइन करतो, दुसऱ्यावर पोरगा फॉर्म भरतो. गेल्या ऑक्टोबरपासून मधूनच स्क्रीनभर मेसेज येतोय की सपोर्ट संपला. ११ टाकायला गेलो तर तपासणीतच नापास, प्रोसेसर जुना आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणे. ज्याच्याकडनं मशीन घेतलं त्या दुकानदाराकडं गेलो तर त्यानं मशीन उघडूनसुद्धा बघितलं नाही, दोन नवीन मशीनचं कोटेशन काढून हातात दिलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की मशीन बंद पडलेलं नाही ओ. सकाळी ९ ला चालू केलं की रात्री ९ पर्यंत चालतं. आमच्या वडिलांचा माग तीस वर्षं चालला, धोटा झिजला की धोटा बदलायचा, पट्टा तुटला की पट्टा, अख्खा माग कुणी रस्त्यावर आणून टाकला नाही. मग कॉम्प्युटरलाच हा न्याय का नाही?

आणि आहे त्या विंडोजचे पण त्रास आहेतच. सकाळी चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं माउस हलतो पण काही उघडत नाही. मागच्या महिन्यात एका पार्टीची पत्रिका रात्री दीड वाजेपर्यंत बसून लावली, मराठी आणि तेलुगू दोन्ही बाजू, दमलो म्हणून फाइल तशीच उघडी ठेवून घरी गेलो, सकाळी येऊन बघतोय तर रात्रीत आपोआप रिस्टार्ट झालेलं आणि शेवटचा दीड तासाचा मजकूर गेलेला. पार्टी ११ वाजता प्रूफ बघायला दारात. नवरीच्या मामांना काय सांगायचं, अपडेट आलं होतं म्हणून?

तर प्रश्न असा, १० वरच राहिलो तर नक्की काय होईल? आणि पैसे घालायचेच तर कशात घालू? नवीन दोन मशीन आत्ता मला परवडणारी नाहीत.

हार्डवेअर_जुळे_सोलापूर

अण्णा, आधी घाबरणं सोडा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला याचा अर्थ मशीन बंद होतं असा नाही. नवीन सुरक्षेची अपडेटं येणं थांबलं, एवढंच. आज उघडतंय तसं उद्याही उघडणार. पण नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही, आणि तुमच्याकडं तर दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागत असणार, त्यामुळं तसंच उघडं राहू नका.

त्यावर एक वर्षाची सोय आहे जी तुमच्या दुकानदारानं सांगायला पाहिजे होती. वाढीव सुरक्षा अपडेटांची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं, म्हणजे तुमची दोन्ही बसतील. फक्त विंडोज १० चं वर्जन २२एच२ पाहिजे, ते आधी बघून घ्या, जुनं असेल तर लिंकच दिसणार नाही आणि मग लोक म्हणतात योजना खोटी आहे.

आता खरा रोग. दहा मिनिटं काही उघडत नाही म्हणता ना, तेव्हा टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना बघा, शंभर टक्के लाल दिसेल. तो दोष प्रोसेसरचा नाही, त्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा आहे. एसएसडी टाका, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क. तुमच्या मशीनला साधी साटा जोडणीची बसते, २५६ जीबी पुरे, आहे ते विंडोज जसंच्या तसं तिच्यावर क्लोन होतं, फॉन्ट बिंट काही हलत नाही. जुनी डिस्क डेटाला आतच राहू द्या. चौथ्या पिढीचं मशीन त्यावर कसं पळतं ते बघून तुम्हीच म्हणाल की इतकी वर्षं उगंच सोसलं.

आणि मशीन उघडाल तेव्हा पंखा साफ करा ही हात जोडून विनंती. पूर्व भागातलं कुठलंही मशीन माझ्या टेबलावर आलं की मी आधी पंखाच बघतो. मागाचा सुताचा भुगा हवेत असतो तो आत जाऊन पंखा आणि जाळीच्या मधी गादीसारखा बसतो, परवा एका मशीनमधनं बोटभर जाड थर अख्खा सोलून निघाला, कापसाच्या वातीसारखा. तसल्यात एप्रिलचं ऊन पडलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण विंडोजला शिव्या देतो. ब्लोअर मारा, ब्रशनं काढा, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला.

जबरदस्तीनं ११ टाकून देणारे पण आहेत, चालतं ते, पण कंपनी त्याला आपलं म्हणत नाही आणि मोठी अपडेटं दर वेळी हातानं टाकत बसावी लागतात. कमाईच्या मशीनवर मी ते करून देत नाही.

टॅली_आणि_चादर

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. आमच्याकडं ११ आलंय, त्यामुळं तिकडचं सांगतो, नवीन मशीन घेतलं म्हणजे त्रास संपला असं समजू नका.

पहिल्याच दिवशी इंटरनेट आणि खातं दिल्याशिवाय पुढं जाईना. कारखान्याच्या मशीनला माझं खासगी खातं का द्यायचं? मी स्वतः पैसे मोजून वस्तू घेतली आणि तिच्या उंबऱ्यावर मलाच ओळखपत्र मागालेत. मग राइट क्लिक. वीस वर्षं जिथं कॉपी-पेस्ट होतं तिथं आता नुसत्या खुणा, आणि खाली "आणखी पर्याय" म्हणून दाबलं की मग जुनी यादी. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं तर जुनी यादी सरळ येते, हे मला चार महिन्यांनी कळलं. स्टार्टचं बटण मधून डावीकडं आणता येतं, टास्कबारच्या सेटिंगमध्ये आहे.

पण खरा दणका दुसराच बसला. ज्यानं मशीन लावून दिलं त्यानं डेस्कटॉपचा बॅकअप क्लाउडवर चालू करून ठेवला आणि सांगितलंच नाही. फुकटची ५ जीबी जागा टॅलीच्या बॅकअपनं आठवड्यात भरली. जागा भरली म्हणून रोज मेसेज, वैतागून मी ते बंद केलं तर डेस्कटॉप रिकामा. तारीख १९. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं. घशाला कोरड पडली होती खरंच. फाइली कुठं गेल्या नव्हत्या, वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, पण ते कळेपर्यंत दुपारचे तीन वाजले. तेव्हापासनं टॅलीचा डेटा मी डेस्कटॉपवर ठेवतच नाही, डी ड्राइव्हला ठेवतो आणि रोज संध्याकाळी एका पेनड्राइव्हवर कॉपी घेतो.

दादा, रात्री रिस्टार्ट होतं त्यावर उपाय आहे. अपडेटच्या सेटिंगमध्ये ॲक्टिव्ह अवर्स असतात, जास्तीत जास्त १८ तास देता येतात, तुम्ही सकाळी ८ ते रात्री २ लावा. लग्नसराईत अपडेट थेट पॉज करा, १० वर एका वेळी ३५ दिवसांपर्यंत होतं. हे सगळं आपण शोधून काढायचं का, त्यांनी आधी विचारायला नको का, हा माझा पण राग आहे. माल कुणाचा, मर्जी कुणाची!

लिनक्सवाल्या_ताई

मी भवानी पेठेत कॉम्प्युटरचे क्लास घेते. आमची आठ मशीन तुमच्यापेक्षा जुनी आहेत, त्यातल्या सहांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे आणि दोन वर्षांत एकदाही "आता रिस्टार्ट करा" म्हणून कुणी मुलांच्या मागं लागलेलं नाही. अपडेट आलं की कोपऱ्यात ढालीची खूण दिसते, वाटलं तर करायचं. पैसे लागत नाहीत, ४ जीबी रॅमवर बरं चालतं, आणि आत्ताच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कवर काहीही न टाकता. आमचा जुना लेझर प्रिंटर लावला तर ड्रायव्हर न टाकता छापायला लागला, मला स्वतःला खरं वाटेना.

पण दादा, तुम्हाला मी डोळे झाकून लिनक्स घ्या म्हणणार नाही, कारण रोजीरोटीचा प्रश्न आहे. डिझाइनचं कोरलड्रॉ त्यावर चालत नाही. टॅलीचं तेच. अंगठ्याच्या मशीनचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर विंडोज धरूनच केलेलं असतं, तिथं अडून बसाल. पोराच्या मशीनवर नुसते फॉर्म, पीडीएफ, प्रिंट असेल तर तेवढ्यावर टाकून बघा.

अजून एक विचारते, तुमचा मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये आहे? जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये, असेल तर मशीन कुठलंही घ्या, तोच त्रास सोबत येणार. फॉन्ट नसलेल्या मशीनवर "श्री गणेशाय नमः" उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा काला दिसतो.

टॅली_आणि_चादर

ताई, फॉर्मच्या मशीनवर पण लिनक्स नको असं मला वाटतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना एखाद्या सरकारी साइटनं काहीतरी डाउनलोड करायला सांगितलं आणि ते विंडोजचंच निघालं तर पोरगा काय करणार? त्यापेक्षा वर्षभर आहे ते चालवा आणि पैसे साठवा.

लिनक्सवाल्या_ताई

बरोबर आहे, पण वर्षानंतर हाच प्रश्न परत दारात येणार. मशीन तेव्हाही चालूच असेल. म्हणून म्हणते, एका मशीनवर दोन्ही ठेवा, चालू करताना निवडता येतं, सवय आत्तापासनं लागू द्या.

पत्रिकावाले_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, पंधरा दिवसांनी लिहितोय कारण हातात कामं होती.

डिझाइनच्या मशीनला एसएसडी टाकली, क्लोन करून. आता चालू केल्यापासून कोरल उघडेपर्यंत एक मिनिटसुद्धा लागत नाही, पोरगं म्हणालं पप्पा नवीन मशीन आणलं का. २२एच२ होतं, नावनोंदणी दोन्हीकडं झाली, खातं द्यावं लागलं ते मनाला पटलेलं नाही पण दिलं. ॲक्टिव्ह अवर्स ८ ते २.

ताई, फॉन्टचं तुम्ही अगदी नेमकं धरलंत. चौदा वर्षांच्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये पडल्यात. प्रेसला पाठवताना मी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची नुसती आकृती करून पाठवतो त्यामुळं तिथं अडत नाही, पण जुन्या फाइलीत नाव बदलायचं म्हटलं की तोच फॉन्ट पाहिजे. कन्व्हर्टर वापरून बघितला, बराच मजकूर सरळ आला, रफार मात्र भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, एका पत्रिकेत आठ ठिकाणी हातानं दुरुस्ती करावी लागली. आणि "दुसऱ्या" मधला ऱ्या काही केल्या येईना, साधा र येऊन रफार व्हायचा, "दुसर्या" असं दिसायचं. "दुसऱ्या दिवशी सत्यनारायण" ही ओळ निम्म्या पत्रिकांत असते!

लिनक्सवाल्या_ताई

दादा, त्याला टिंबाचा ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये इंग्रजी J चं बटण दाबल्यावर र येतो, शिफ्ट धरून J दाबल्यावर ऱ. मग D दाबून हलंत, मग य, मग काना. लिनक्सवर पण हीच बटणं. आणि पोराला इनस्क्रिप्ट येत नसेल तर विंडोज १० मध्येच २०१९ च्या मे महिन्याच्या अपडेटपासून फोनेटिक कीबोर्ड आलेत, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही, भाषांच्या सेटिंगमध्ये टाकून घ्या, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की बदलतात. वेगळं काही विकत घ्यायला नको.

पत्रिकावाले_सोलापूर

आला ताई, ऱ्या आला! शिफ्ट J. एवढी वर्षं जुन्या फॉन्टमध्ये त्याला वेगळं बटण होतं म्हणून कधी कळलंच नाही. तेलुगूचा कीबोर्ड पण टाकला, आता तेलुगू बाजूसाठी शेजारच्या अण्णांना बोलवून त्यांच्यासमोरच टाइप करून घेतो, आधी ते कागदावर लिहून द्यायचे आणि मी अक्षरं शोधत बसायचो.

फॉर्मचं मशीन रविवारी उघडतोय. जाळीतनं बॅटरी मारून बघितलं, पांढरं दिसतंय आत, सूतच आहे. ब्लोअर आणि पेस्ट आणून ठेवलीय. जुळे सोलापूरवाले दादा, पेस्ट किती लावायची तेवढं रविवारच्या आत सांगा.

हार्डवेअर_जुळे_सोलापूर

वाटाण्याएवढी, मधोमध. जास्त नको. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.