डच माहितीपत्रकात 'शॉर्ट' हा इंग्रजी शब्द का चालवून घ्यायचा?

कालव्याकाठची
मी गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकांचे डच अनुवाद करते. 'शॉर्ट सेलिंग' (भाव पडेल या अंदाजाने हाताशी नसलेले शेअर आधी विकून नंतर स्वस्तात घेणे), 'शॉर्ट पोझिशन' (असे विकलेले, पण अजून परत न घेतलेले शेअर), 'शॉर्ट स्क्वीझ' (भाव चढल्याने अशा विक्रेत्यांना घाईने खरेदी करावी लागणे आणि त्याने भाव आणखी चढणे) सगळं जसंच्या तसं ठेवा, असा आग्रह असतो. मला हे पटत नाही. हा व्यवहार ॲमस्टरडॅमच्या मातीतला आहे! १६०९ मध्ये इझाक ल मेर आणि साथीदारांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचे हाताशी नसलेले शेअर पुढच्या तारखेच्या बोलीवर विकले आणि १६१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. 'इन ब्लांको' म्हणजे हाताशी शेअर नसताना केलेली विक्री, 'विंडहांडेल' म्हणजे वाऱ्याचा व्यापार, भाव पडण्यावर पैसे लावणाऱ्या मंदीवाल्यांना 'कॉन्ट्रामिनर'. घरचे शब्द असताना उसने कशाला?

मंदीवाला_पुणे
साफ असहमत. 'विंडहांडेल' ही शिवी आहे, कायद्याच्या कागदात ती चालणार नाही. 'कॉन्ट्रामिनर'ही मुळात बाहेरूनच आलेला. आणि ल मेरने शेअर उसने घेतलेच नव्हते, पुढे देण्याचा वायदा केला होता. आजचा शॉर्टवाला उसने घेऊन लगेच डिलिव्हरी देतो. व्यवहार वेगळा, मग जुना शब्द कसा बसेल? युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमाच्या डच मसुद्यातही 'शॉर्ट सेलिंग'च आहे. नेट (म्हणजे वजावट करून उरलेली) शॉर्ट पोझिशन कंपनीच्या शेअर भांडवलाच्या ०.५ टक्क्यावर गेली की ती डच नियामकाच्या जाहीर नोंदवहीत येते. तुमचा शब्द घेऊन वाचक तिथे शोधायला गेला, तर त्याला काय सापडेल?

कालव्याकाठची
नोंदवहीतला शब्द एकदा द्यावाच लागेल, मान्य. पण पुढे 'उसने शेअर विकणे' असं सरळ डचमध्ये लिहिता येतं, आणि ते पेन्शनवर जगणाऱ्या आजोबांनाही कळतं. माहितीपत्रक त्यांच्यासाठी आहे, दलालांसाठी नाही.

आम्स्टेलवेनकर
एका बाबतीत ताईंच्या बाजूने. 'नेकेड शॉर्ट'साठी डचमध्ये 'ऑनखेडेक्ट', म्हणजे पाठीशी शेअर नसलेला, हा शब्द रुळलेला आहे आणि इंग्रजीपेक्षा नेमका आहे. २००८ च्या संकटात बँका आणि विमा कंपन्यांच्या शेअरमधल्या याच प्रकारावर नेदरलँड्समध्ये बंदी आली होती. पण 'स्क्वीझ'ला हात लावू नका, त्याला तोडीचा शब्द मला तरी दिसत नाही.

मंदीवाला_पुणे
'ऑनखेडेक्ट' चालेल. बाकी माझा विरोध कायम. आपल्याकडेही लोक 'शॉर्ट मारला' म्हणतात, अर्थ कुणाचा अडत नाही.

कालव्याकाठची
रोज बाजारात असणाऱ्याचा अडत नाही. पहिल्यांदा पैसे घालणाऱ्याचा अडतो. भाव कितीही वर जाऊ शकतो, म्हणून शॉर्टमधल्या तोट्याला वरची मर्यादा नाही. निदान हे वाक्य तरी मी पूर्ण डचमध्येच लिहिणार, 'स्क्वीझ'सुद्धा फोड करून.