बाबांसाठी पक्ष्यांचा कॅमेरा, बजेट सव्वा लाख. काय घ्यावं? (नाशिक)

गंगापूररोडची

नमस्कार मंडळी. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, वय ६२. गेल्या हिवाळ्यात शेजारचे काका त्यांना एकदा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन गेले आणि तेव्हापासून दर रविवारी पहाटे पाचला डबा, थर्मास घेऊन स्वारी निघते. परत आल्यावर फोनवरचे फोटो दाखवतात. सगळीकडे पाणी आणि मधोमध एक पांढरा ठिपका. "हा चमचा आहे बघ, चोच दिसतेय का?" असं (चमचा म्हणजे चपट्या चोचीचा पाणपक्षी) इतक्या उत्साहाने विचारतात, आणि चोच काही दिसत नाही. या दिवाळीला त्यांना नीट कॅमेरा घेऊन द्यायचा आहे.

सगळं धरून सव्वा लाख. बाबांना चष्मा आहे, उजवा हात किंचित थरथरतो आणि खांदा दुखतो, त्यामुळे फार जड नको. एम.जी. रोडला तीन दुकानं फिरले. एकाने ८३ पट झूमचा निकॉन पी९५० दाखवला. दुसऱ्याने कॅनन आर५०, दोन लेन्ससकट. तिसरा म्हणाला कॅमेऱ्याचे दिवस गेले, २०० मेगापिक्सेलचा फोन घ्या. भाऊ म्हणतो जीएसटी कमी झालाय, थांब, भाव उतरतील. कोणाचं ऐकू?

पाणथळ

ताई, भावाला सांगा थांबून उपयोग नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्के झाला तो मोठ्या टीव्हीवर आणि एसीवर. डिजिटल कॅमेरे १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. सणाची सूट मिळेल तेवढीच.

फोनचं म्हणाल तर २०० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये एरवी सोळा-सोळा बारके पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो बनतो. घरातल्या कार्यक्रमाला तो सुंदरच येतो. पण लांबच्या पक्ष्याला लागते लांब लेन्स, आणि तेवढी लांबी फोनच्या जाडीत मावत नाही. शंभर पट झूम म्हणून जे दाखवतात त्यात बहुतेक भाग आहे तेच चित्र ताणून मोठं करण्याचा असतो. बाबांचा ठिपका ठिपकाच राहील, फक्त मोठा होईल.

आता पी९५० की आर५०. पी९५० मध्ये २००० मिलिमीटरपर्यंत पोच आहे (जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने; आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो) आणि लेन्स बदलायची भानगड नाही. दुकानात काउंटरवरून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवतात, माणूस तिथेच पाघळतो. पण त्याचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी पट्टी, ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. आर५० चा २२.३ बाय १४.९. गुणाकार करून बघा, क्षेत्रफळात जवळपास बारा पटींचा फरक आहे. नांदूरला पक्षी हलतात ते पहाटे आणि दिवस कलल्यावर, नेमका उजेड कमी असतो तेव्हा. लहान सेन्सर अशा वेळी पिसांचा पार रवा करून टाकतो.

वजनाचंही लोकांना माहीत नसतं. पी९५० आहे १००५ ग्रॅम. आर५० बॅटरीसकट ३७५ ग्रॅम, आणि तिला कॅननची आरएफ १००-४०० लेन्स लावली की ६३५ ग्रॅम आणखी. बेरीज १०१०. म्हणजे खांद्यावर ओझं तेवढंच, आत सेन्सर बारा पट.

माझं मत साफ आहे: आर५० घ्या, पण दुकानदार देतोय त्या दोन लेन्सच्या सेटमध्ये नको. त्यातली मोठी लेन्स ५५-२१० आहे. नांदूरला चापडगावच्या मनोऱ्यावरून ती पुरत नाही.

द्राक्षवाला_पिंपळगाव

पी९५० माझ्याकडे तीन वर्षं आहे, म्हणून लिहितो. पाणथळ यांचं उजेडाबद्दलचं म्हणणं खरं आहे, सकाळी सातच्या आधी मी तो काढतच नाही. पण भर उन्हात बागेच्या बांधावर बसलेला खंड्या असा येतो की डोळ्यातली चमक दिसते. बसलेल्या पक्ष्यासाठी आणि नुसती ओळख पटवण्यासाठी मी त्याच्यावर खूश आहे. उडता पक्षी मात्र विसरा. २००० ला नेल्यावर चौकटीत पक्षी सापडेपर्यंत तो निफाड ओलांडतो. आणि हात थरथरत असेल तर एवढ्या झूमला चित्र नुसतं नाचतं, ट्रायपॉडशिवाय काकांना त्रास होईल.

सातपूरकर

निकॉन झेड५०-टू बघितला का? नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेला आहे. पक्ष्यांसाठी वेगळा फोकस मोड आहे, आणि बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षणही टिपून ठेवतो. म्हणजे पक्षी फांदीवरून उडाला आणि आपण अर्धा सेकंद उशीर केला तरी फोटो हाती लागतो. वय झालेल्या माणसाला याचा फार उपयोग होतो. पकडही खोल आहे, हातात नीट बसतो.

पाणथळ

कॅमेरा म्हणून झेड५०-टू आर५० च्या वरचढ आहे, मान्य. माझी अडचण लेन्सची आहे. त्याच्याबरोबर येते ५०-२५०, आणि त्यापुढे पोच हवी तर निकॉनची १८०-६०० सुमारे दोन किलोची आहे, किंमतही ताईंच्या बजेटच्या बाहेर. सव्वा लाखात, दुखऱ्या खांद्याला पेलेल अशी ४०० मिलिमीटर मला आज कॅननच्या १००-४०० मध्येच दिसते. आधी लेन्स ठरवा, मग तिला मागे कॅमेरा जोडा. पक्ष्यांच्या बाबतीत मी हा क्रम कधी उलटा करत नाही.

आणखी एक. दुकानात स्वस्त म्हणून आर१०० पुढे करतील. त्यात पक्षी ओळखून फोकस धरायची सोय नाही, पडदा स्पर्शाला दाद देत नाही आणि वळतही नाही. आर५० मध्ये हे तिन्ही आहे.

गंगापूररोडची

सगळ्यांचे खूप आभार, रात्री बसून दोनदा वाचलं. दोन प्रश्न. १००-४०० वर एफ ५.६-८ लिहिलंय, आणि दुकानदार म्हणाला आठ म्हणजे अंधारी लेन्स, घेऊ नका. खरं आहे का? आणि बाबांचा हात?

पाणथळ

दुकानदार चुकीचं सांगत नाहीये. ४०० ला एफ८ म्हणजे एफ५.६ च्या निम्मा उजेड. त्याची भरपाई आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवून करायची. नांदूरला सूर्य वर येताना उडत्या बदकासाठी शटर १/१००० सेकंद ठेवलं तर आयएसओ तीन-चार हजारांवर जातो. दाणे दिसतात, पण एवढ्या मोठ्या सेन्सरवर ते चालवून घेता येतात आणि घरी सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात. एफ५.६ ची ४०० हवी तर वजन आणि पैसे दोन्ही दुपटीच्या पुढे जातात. बाबांसाठी तो सौदा फायद्याचा नाही.

हाताबद्दल. लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, कंपनी साडेपाच स्टॉप म्हणते (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवलं तरी चालतं). त्यामुळे हाताचा कंप बराच लपतो, पक्ष्याची हालचाल मात्र लपत नाही. म्हणून सुरुवातीला वरची डायल Tv या खुणेवर ठेवून द्या, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/१२५०, आयएसओ ऑटो. बाबांना एवढं एकच चाक फिरवायला शिकवा. आर५० ला चाक आहेच एक, लोक त्याला उणीव म्हणतात, मला इथे ती सोय वाटते. आणि एक हलका मोनोपॉड घ्या. लेन्सचं वजन काठीवर गेलं की खांदा मोकळा राहतो.

चष्म्याचं दुकानातच उरकून घ्या. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, तिच्यापाशी नजरेचा नंबर जुळवायचा डायॉप्टर असतो. बाबांना चष्मा काढून आत बघायला सांगा आणि आतले आकडे कोरल्यासारखे दिसेपर्यंत तो फिरवा. मी दोन वर्षं एका मित्राबरोबर फिरलो, ते रोज म्हणायचे कॅमेरा धूसर दाखवतो. डायॉप्टर शेवटच्या टोकाला होता, कोणी बघितलंच नव्हतं.

पैसे कमी पडले तर एक आडवाट आहे. कॅननची जुनी ईएफ-एस ५५-२५० एसटीएम सेकंडहँड पुष्कळ मिळते, फक्त ३७५ ग्रॅम, अॅडॉप्टर लावून आर५० वर नीट चालते. पोच कमी, पण गोदाकाठच्या आणि घरामागच्या पक्ष्यांना पुरते.

एक गोष्ट मात्र कुठलीच लेन्स देत नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. दोनशे मीटरवरच्या रोहित पक्ष्याचे (फ्लेमिंगोचे) पाय चहाच्या वाफेतून पाहिल्यासारखे दिसतात. त्याला कॅमेरा जबाबदार नसतो. साडेनऊनंतर लांबचे फोटो सोडून द्यावेत आणि काठाजवळच्या जांभळ्या पाणकोंबड्या बघाव्यात. त्या आठ-दहा मीटरवर येतात, आणि उन्हात त्यांचा निळा-जांभळा रंग डोळ्यांत मावत नाही.

अंजनेरी_भटके

बिलाबद्दल सांगायला आले. मागच्या वर्षी आम्ही मुंबईतल्या एका दुकानातून आठ हजार स्वस्त म्हणून कॅमेरा आणला. बिल साध्या कागदावर. चार महिन्यांनी शटर अडकलं तेव्हा कळलं की माल बाहेरच्या देशासाठीचा होता आणि भारतातली वॉरंटी त्याला लागूच नाही. दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या आठ हजारांच्या वर गेला. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर एकच आहे ना, हे तिथेच ताडून बघा.

आणि पावसाळा. आमच्याकडे त्र्यंबकच्या बाजूला जून ते सप्टेंबर कपाटातली चामडी बॅगसुद्धा पांढरी होते, लेन्सच्या काचेवर तर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. चामड्याच्या केसमध्ये कधीच ठेवू नका. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं.

बाबांकडे दुर्बीण आहे का? नसेल तर बजेटमधून थोडे काढून ८ बाय ४२ ची घ्या. आधी दुर्बिणीने पक्षी शोधायचा, मग कॅमेरा उचलायचा. थरथरत्या हातालाही आठ पट सांभाळता येते, दहा-बारा पटीची घेऊ नका.

गंगापूररोडची

धनत्रयोदशीला घेतलं. आर५० छोट्या लेन्ससह, आरएफ १००-४००, दुसरी बॅटरी. लेन्सच्या तोंडावर लावायचा हूड खोक्यात नसतो, वेगळा घ्यावा लागतो, हे तिथे गेल्यावर कळलं. मोनोपॉड धरून सव्वा लाखावर चार हजार गेले, ते भावाने दिले. दुर्बीण जानेवारीत बघू.

डायॉप्टरचं बाबांनी स्वतः केलं. चष्मा काढून कपाळावर सरकवला, डायॉप्टर हळूहळू फिरवला आणि एकदम म्हणाले, "अगं, आत अक्षरं आहेत!" दुकानातला मुलगाही हसला.

काल रविवारी मीही बरोबर गेले. चांदोरी-सायखेड्यावरून पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते आणि धुकं होतं. पहिले चाळीस-पन्नास फोटो वाया गेले, कारण बाबा पक्ष्याकडे बघत बघत लेन्स उचलायचे आणि चौकटीत नुसतं पाणी यायचं. मग शेजारच्या काकांनी सांगितलं की झूम आधी १०० वर ठेवा, पक्षी सापडला की पुढे न्या. आठच्या सुमाराला चमचा मिळाला. मान तिरकी करून पाणी घुसळत होता आणि चोचीच्या चपट्या टोकावरून पाण्याची एक तार खाली ओघळत होती. ती तार फोटोत आली आहे. बाबांनी तो मोठा करून मला दाखवला आणि या वेळी काहीच विचारलं नाही.

आता एक शेवटचं: साधारण १२ बाय १८ इंचाची चांगली प्रिंट नाशिकमध्ये कुठे काढून मिळेल? मॅट कागदावर हवी आहे, हॉलमध्ये लावायची आहे.