'येथे क्लिक करा'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजी सूचनांमध्ये 'लिंक टेक्स्ट' हा शब्द पावलोपावली येतो, म्हणजे ते निळे, अधोरेखित शब्द, ज्यांच्यावरून पुढचं पान उघडतं. याला सुटसुटीत मराठी शब्द आहे का? 'दुव्याचा मजकूर' सुचलं, पण मजकूर म्हटलं की चार परिच्छेद डोळ्यांपुढे येतात. आणि 'क्लिक हिअर'ला 'येथे टिचकी मारा' लिहू की 'येथे क्लिक करा'?

प्रतिसाद

टिचकी कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात. माउसच्या काळात ती कशीबशी चालून गेली, मोबाइलवर आपण नुसतं बोट टेकवतो. 'दुवा' मात्र चांगला रुळलाय. साखळीतला दुवा, दोन घराण्यांमधला दुवा, म्हणजे जोडणारी वस्तू, अगदी नेमका अर्थ. (आजी देते तो दुवा वेगळा, तो अरबीतून आला.) बोलताना सगळे 'ती लिंक' म्हणतात, त्यालाही माझी हरकत नाही. फक्त एका पानावर एकच शब्द ठेवा.

प्रतिसाद

ताई, टिचकी की क्लिक हा वाद बाजूला ठेवा, मला दोन्ही नकोत. मला दिसत नाही. पान वाचून दाखवणारं एनव्हीडीए वापरतो. त्यात इन्सर्ट आणि एफ-7 दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी उघडते. तुम्ही ठळक अक्षरांवरून नजर फिरवता तसा मी ही यादी ऐकतो. परवा एका पतसंस्थेच्या पानावर ती अशी ऐकू आली: येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा. येथे. मला ठेवीचे व्याजदर हवे होते. 'येथे' म्हणजे कुठे, हे कळायला प्रत्येकाच्या अलीकडचं वाक्य शोधत बसलो. यादीत पहिलं अक्षर दाबून उडी मारता येते, पण सगळंच 'य'वर सुरू होत असेल तर उडी मारून जायचं कुठे? शिवाय मी क्लिक करतच नाही, एंटर दाबतो.

डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमावलीत 2008 पासून हे कलम आहे. 2.4.4 म्हणतं, लिंक कशासाठी आहे ते तिच्या शब्दांवरून, किंवा निदान आसपासच्या वाक्यावरून कळलं पाहिजे. ही 'ए' पातळी, म्हणजे किमान अट. नुसत्या लिंकच्या शब्दांवरून कळावं, असं 2.4.9 म्हणतं, ती सर्वांत वरची 'एएए' पातळी.

शब्दच हवा असेल तर 'पाटी' म्हणा. एसटीच्या पाटीवर 'सातारा' लिहिलेलं असतं, 'या गाडीत चढा' नव्हे.

प्रतिसाद

पाटी शाळेतली, पाटी खडीची, त्यात ही तिसरी! तरी मला आवडली. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, लिंकच्या खुणेला 'ए' म्हणतात, तो अँकरचा, म्हणजे जहाजाच्या नांगराचा. नांगरापेक्षा पाटी बरी.

प्रश्नकर्ती

दादा, पटलं. पण 'येथे' काढायला बसले आणि विभक्तीत अडकले. 'वर्गणीचे दर अर्जात दिले आहेत' या वाक्यात पाटी 'अर्ज' एवढीच ठेवू की 'अर्जात' अख्खी?

प्रतिसाद

अख्खी. 'अर्ज' एवढ्यालाच लिंक लावलीत तर काना बाहेर पडतो आणि काही ब्राउझरांत ठिपक्यांच्या गोलावर एकटा लटकतो. 'नमुना'चं 'नमुन्यात' झालं की मूळ शब्दच उरत नाही. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय सुटं पडतं, म्हणून त्यांना हा प्रश्न येत नाही.

पण मी म्हणेन, वाक्यच फिरवा. 'सभासदत्वाचा अर्ज भरण्यासाठी येथे क्लिक करा.' यात कामाचं सगळं 'साठी'च्या आधी आलंय आणि रेघ मात्र शेपटीखाली ओढलीय. शेपूट छाटा, रेघ पुढे आणा: 'सभासदत्वाचा अर्ज भरा'. सगळे शब्द पाटीवर, प्रत्यय बाहेर लोंबत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पाटीची सुरुवात आपोआप नामाने होते आणि दादांची उडीही 'स'वर नेमकी बसते. फाइल उतरणार असेल तर तेही पाटीवरच येऊ द्या: 'पुस्तकांची यादी (पीडीएफ, 2 एमबी)'. जुना फोन असलेला माणूस तुम्हाला दुवा देईल, आजीवाला.

आणि रेघेबद्दल. 'सूचना', 'पुस्तके', 'मुलांसाठी' यांच्या उकारांवर ती धडकते. बारीक अक्षरात 'सु' की 'सू' कळत नाही. म्हणून काही जण रेघ काढून नुसता निळा रंग ठेवतात. तसं करू नका, रंग न ओळखणाऱ्याला तिथे लिंक आहे हेच कळणार नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट आहे, त्याने रेघ थोडी खाली सरकवा. आमच्याकडे 0.25 ईएमला, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पाव भागाला, उकार मोकळे झाले. फॉन्टप्रमाणे कमीजास्त करून बघा.

प्रश्नकर्ती

काल बसून चौदा 'साठी येथे क्लिक करा' छाटले. रेघही खाली घेतली, 'सूची' आता सूची दिसते. एक गाडी अडलीय. दोन वेगवेगळ्या फॉर्मांवर 'अर्ज भरा' हीच पाटी होती, यादीत दोन्ही सारखेच ऐकू आले असते. एकाला 'बालविभागाचा अर्ज भरा' केलं. दुसऱ्याला 'प्रौढांचा' लिहिलं, तर कार्यकारिणीतले एक काका म्हणाले, प्रौढ म्हणजे साक्षरता वर्ग वाटतो. 'मोठ्यांचा' म्हटलं तर पोरकट वाटतंय. सुचवा काहीतरी.