लग्नसराई तोंडावर आणि एडिटिंग सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन खुणावतंय. टाकू की थांबू?

कृष्णाकाठ:
मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईचा आहे. सांगली जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो, मी आणि धाकटा भाऊ. सध्या दाविंची रिझॉल्व्ह 18 वर आहोत, फुकटवालं. मशीन साधंच: आय-5 टेन्थ जनरेशन, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1650 कार्ड. एक मिररलेस कॅमेरा, एक ड्रोन, आणि हळदीचं बरंचसं फुटेज मोबाइलवरचं.
भाऊ मागे लागलाय की 20 टाक. कीफ्रेमचं, म्हणजे हालचालीचे टप्पे ठरवायचं, पॅनल नवीन आलंय, एआयचं काय काय आलंय, रील झटपट निघतील म्हणतो. माझी भीती अशी की दोन लग्नं टाइमलाइनवर अर्धी पडलीत. तुळशीचं लग्न झालं की आम्हाला जेवायला सवड नसते. ज्यांनी नवीन टाकलंय त्यांनी सांगा. दुसरं एखादं सॉफ्टवेअर बरं असेल तर तेही सांगा, पण महिन्याला पैसे भरायची तयारी नाही.
आणि हो, टायटल मराठीत लागतात. 'चि.सौ.कां.' मधला अनुस्वार हलला तरी मुलीचे काका फोन करतात.

रेंडरबाबा:
दोन लग्नं टाइमलाइनवर अर्धी असताना हात लावू नकोस. 20 मध्ये एकदा उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट 18 मध्ये उघडत नाही. आणि विंडोजवर नवीन टाकलं की जुनं त्याच जागी पुसलं जातं, दोन्ही शेजारी-शेजारी नांदत नाहीत. म्हणजे परतीची वाट तू स्वतः आधी करून ठेवलीस तरच.
मी हे शिकलो ते मार खाऊन. तेव्हा दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर होतो, नाव घेत नाही. रात्री साडेअकराला 'अपडेट उपलब्ध' दिसलं, म्हटलं रेंडर लागलाय तोवर करून टाकू. सकाळी साखरपुड्याच्या प्रोजेक्टमधले निम्मे ट्रान्झिशन (एका दृश्यातून दुसऱ्यात जायचे इफेक्ट) लाल, म्हणजे बिघडलेले. बॅकअप काय होता? माझा दांडगा आत्मविश्वास. चार दिवस बसून परत कापलं. पार्टीला सांगितलं की हार्ड डिस्क गेली. देव माफ करो.

कृष्णाकाठ:
बाबा, परतीची वाट म्हणजे नेमकं काय करायचं?

रेंडरबाबा:
प्रोजेक्ट मॅनेजर उघड. प्रत्येक चालू प्रोजेक्टवर राइट क्लिक, एक्स्पोर्ट प्रोजेक्ट. .डीआरपी नावाची छोटी फाइल मिळते. त्यात फुटेज नसतं, फक्त तुझी काटछाट, म्हणून पेनड्राइव्हवर आरामात मावते. मग त्याच खिडकीत डावीकडे प्रोजेक्ट लायब्ररी दिसते, तिचा सबंध बॅकअप वेगळ्या डिस्कवर घे. 18 च्या आधी हिलाच डेटाबेस म्हणायचे, जुन्या व्हिडिओत तोच शब्द ऐकू येईल. शेवटी 18 चा इन्स्टॉलर ब्लॅकमॅजिकच्या, म्हणजे रिझॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या, सपोर्ट पानावरून उतरवून ठेव, जुनी व्हर्जनं तिथे मिळतात.
एवढं झालं की वाटेल ते टाक. पण सीझन संपल्यावर.

जुना_टेपवाला:
रेंडरबाबांना अनुमोदन. पोरांना वाटतं हे दुखणं आजचं आहे. 2011 चा जून आठवा. अ‍ॅपलने फायनल कट प्रो टेन हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं आणि त्यात फायनल कट 7 चे प्रोजेक्ट उघडतच नव्हते. मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र कापायची सोय, नाही! तेव्हा मी अंधेरीत मालिकांच्या एडिटवर होतो, तीन कॅमेऱ्यांचा रोजचा एपिसोड. मल्टिकॅमशिवाय काम म्हणजे विळीशिवाय भाजी. जगभर इतकी बोंब झाली की अ‍ॅपलला जुना संच पुन्हा विकायला काढावा लागला. मल्टिकॅम परत आलं ते जानेवारी 2012 मध्ये, 10.0.3 ला.
गंमत अशी की आज तेच सॉफ्टवेअर लोक आवडीने वापरतात, मीही वापरतो. नवीन वाईट नसतं. पहिल्या दिवशी उडी मारणाऱ्याला खड्डा लागतो, एवढंच. आमच्या युनिटचा अलिखित नियम होता: व्हर्जनच्या आकड्याला शेपूट फुटल्याशिवाय शिवायचं नाही. 20 नाही, 20 पॉइंट काहीतरी.

तिखट_सांडगा:
मी पुण्यात शैक्षणिक व्हिडिओ करते, रोज मराठी पाट्या. व्हर्जनच्या वादात पडत नाही, टायटलबद्दल सांगते, कारण तिथेच आपलं सगळ्यात जास्त अडतं आणि इंग्रजी रिव्ह्यूवाले त्यावर एक शब्द बोलत नाहीत.
कोणतंही नवीन व्हर्जन टाकलं की रिकाम्या टाइमलाइनवर आधी ही ओळ टाक: 'वऱ्हाडी किर्लोस्करवाडीहून श्रीक्षेत्र औदुंबरला निघाले'. तुझ्याच जिल्ह्यातली आहे. 'वऱ्हाडी'तला अर्धचंद्री र नीट दिसतो का, 'र्लो'चा रफार मात्रेच्या बरोबरीने वर बसतो का, 'नि'ची वेलांटी अक्षराच्या आधी येते का, हे बघ. मग अक्षरांना आत येण्याचं अ‍ॅनिमेशन लाव. साधी पाटी बरोबर दिसते आणि अक्षर-अक्षर उडवायला गेलं की काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, असं होऊ शकतं. देवनागरीत अक्षरं एकट्याने उडत नाहीत, जोडीने उडतात. तेव्हा अ‍ॅनिमेशन शब्दावर किंवा ओळीवर ठेव.
'वऱ्हाडी' टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एकात खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. हे जोडचिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळालं की 'वर्हाडी' होतं. पत्रिकेचा मजकूर लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तिथून उचलताना डोळ्यांत तेल घाल. नुक्त्याचा ऱ सुरक्षित.
फॉन्टचंही बघ. काही देवनागरी फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात, ल आणि श आपले वाटत नाहीत. 'टिरो देवनागरी मराठी' गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याचे वेगळे भाऊ आहेत, म्हणून नाव बघून घे. जाड, गोल हवं तर 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचा 'बलू'. श्रीलिपीतलं जुनं टाइपिंग असेल तर आधी युनिकोडमध्ये बदल.
कुणी अडोबीचं प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्टचं इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करून घ्या. जोडाक्षरं फुटली की बरेच जण फॉन्टला शिव्या देतात, दोष त्या सेटिंगचा असतो.
आणि माझा स्वतःचा जुगाड: महत्त्वाची नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, पारदर्शक पीएनजी काढते, टाइमलाइनवर ठेवते. मग सॉफ्टवेअर 18 असो की 28, काकांचा फोन येत नाही.

कृष्णाकाठ:
ताई, ही ओळ आत्ता 18 मध्ये टाकून बघतो. पीएनजीचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

पेंग्विनप्रेमी:
केडेनलाइव्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर सुचवतो. मोफत, ओपन सोर्स, विंडोजवरही चालतं. विंडोजला इन्स्टॉल न करता चालणारी फाइल मिळते, लिनक्सला अ‍ॅपइमेज, म्हणजे जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवता येतं, बाबांचा मुख्य आक्षेप तिथेच संपला. व्हर्जनच्या नावातच वर्ष-महिना असतो: 23.04, 24.02, 25.04. फक्त 23.04 ला एका प्रोजेक्टमध्ये अनेक टाइमलाइन आल्या आणि फाइलचा साचा बदलला, त्यामुळे त्यानंतरचे प्रोजेक्ट त्याआधीच्या व्हर्जनमध्ये उघडत नाहीत.
रंगकामात रिझॉल्व्हची सर नाही, हे कबूल. पण तुमच्या कार्डावर हलकं वाटेल.

रेंडरबाबा:
लग्नात रंगच तर बघतात रे. हळदीचा पिवळा चुकला तर नवरी आजारी दिसते.

पेंग्विनप्रेमी:
बाबा, लिनक्सवर फुकटातल्या रिझॉल्व्हला एच.264 हा नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅटसुद्धा वाचता येत नाही, म्हणून आम्ही बिचारे इकडे.

परदेशी_पाहुणी:
न्यू जर्सीहून. मंडळाच्या गणपतीचे कार्यक्रम हौसेने एडिट करते. इथल्या मुलांसाठी सबटायटल लागतात, त्यासाठी केडेनलाइव्हमध्ये व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणारं एआय, जोडलंय. व्हिस्परच्या भाषांमध्ये मराठी आहे. पण नंतर हाताने दुरुस्ती करावीच लागते, त्यात आमचे वक्ते एका वाक्यात तीन भाषा बोलतात. रिझॉल्व्हमध्ये बोलण्याचं आपोआप लेखन फक्त त्याच्या पैसेवाल्या 'स्टुडिओ' आवृत्तीत आहे. कृष्णाकाठ, तुमच्या भावाला हे जरूर सांगा: 20 मधलं बहुतेक एआय स्टुडिओतच मिळतं. फुकटवाल्यात जाऊन तो शोधत बसेल.

कृष्णाकाठ:
सांगितलं. चेहरा पडला त्याचा.
स्टुडिओ घ्यायला हवं का मग? बँडच्या आवाजात भटजींचे मंत्र बुडतात, तेवढ्यासाठी विचार करतोय.

जुना_टेपवाला:
स्टुडिओ 295 डॉलर, एकदाच. एक लायसन्स दोन मशीनवर चालतं, तुम्ही दोघं भाऊ आहात तर सोयीचं. आवाज वेगळा काढायचं व्हॉइस आयसोलेशन त्यात आहे आणि ते 18.1 पासूनच आहे, त्यासाठी 20 लागत नाही. पण त्याआधी भटजींच्या उपरण्याला एक कॉलर माइक लाव. मशीनने सोडवण्यापेक्षा माइकने न बिघडवलेलं बरं. 4के 60 फ्रेमपर्यंत फुकटवालं एक्स्पोर्ट देतंच, लग्नाला आणखी काय हवं.

तिखट_सांडगा:
मोबाइलचं फुटेज म्हणालास म्हणून. आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो का? मोबाइल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की बदलतो. लोक त्याचं खापर नवीन व्हर्जनवर फोडतात. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये 'व्हेरिएबल' (बदलता) दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (स्थिर) करून घे आणि मगच टाइमलाइनवर आण.

कृष्णाकाठ:
अहो हेच! गेल्या मे महिन्यात मंगलाष्टकं सरकत गेली आणि 'सावधान' म्हणताना भटजींचं तोंड बंद. मी ग्राफिक्स कार्ड बदलायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी, कृष्णाकाठ:
हिशेब देतो. दोन्ही प्रोजेक्ट एक्स्पोर्ट केले, लायब्ररीचा बॅकअप वहिनीच्या लॅपटॉपवर ठेवला. 18 वरच राहतोय. भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 20 टाकलंय, तिथे तो मागच्या वर्षीच्या लग्नाची रील करून बघेल, बिघडलं तर बिघडलं. मंगलाष्टकांची क्लिप हँडब्रेकमधून काढली, 'सावधान' जागेवर आलं.
'वऱ्हाडी'ची ओळ साध्या टायटलमध्ये नीट आली. अक्षर-अक्षर अ‍ॅनिमेशन लावलं आणि औदुंबरचा अनुस्वार एकटाच नरसोबाच्या वाडीला गेला. नावं पीएनजीतच करणार.

रेंडरबाबा:
वहिनीच्या लॅपटॉपवरचा तो फोल्डर वहिनीला दाखवून ठेव. 'हे काय भलतंच' म्हणून डिलीट होतात असले फोल्डर. कसं माहीत ते विचारू नकोस.