कॉर्व्हेटचे श्रेय एकट्या डंटॉव्ह यांना का?

जुना कार्बोरेटर :

शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारविषयी काहीही वाचायला घेतले, की झोरा आर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याचा उल्लेख ‘कॉर्व्हेटचे जनक’ असा केलेला आढळतो. माझ्या मते ही पदवी साध्या तारखांच्या कसोटीवरही टिकत नाही. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात भरलेल्या जनरल मोटर्सच्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, त्या वेळी डंटॉव्ह केवळ प्रेक्षक होते. गाडी आवडली म्हणून त्यांनी शेव्हरोलेचे मुख्य अभियंता एड कोल यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि मे महिन्यात ते कंपनीत रुजू झाले. ३० जून रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे पहिली विक्रीची गाडी तयार झाली, तेव्हा त्यांना नोकरीला लागून दोनच महिने होत होते.

गाडीची कल्पना होती हार्ली अर्ल यांची. १९२७ पासून जनरल मोटर्सचा आरेखन विभाग त्यांच्या हाती होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी इंग्लंडच्या एमजी आणि जॅग्वार पाहिल्या होत्या, आणि तशी दोन आसनांची गाडी अमेरिकेतला एकही मोठा कारखाना बनवत नव्हता, ही उणीव अर्ल यांनी हेरली. त्यांनी हे काम रॉबर्ट मॅक्लीन या तरुण अभियंत्याकडे सोपवले. मॅक्लीन यांनी तेव्हाच्या प्रथेप्रमाणे पुढून मागे न जाता मागच्या आसापासून पुढे आखणी केली; आधी बसणाऱ्यांची जागा ठरवली आणि मग इंजिन शक्य तितके मागे व खाली ढकलले. दोन आसांमधले अंतर १०२ इंच, म्हणजे नेमके जॅग्वार एक्सके १२० इतके ठेवले. रोल्स-रॉइसमध्ये कारकीर्द सुरू केलेल्या मॉरिस ऑली यांनी या गाडीसाठी नवी चौकट आखली आणि सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांना बसणारे धक्के शोषणाऱ्या रचनेचे, बरेच भाग शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांतून घेतले. कॉर्व्हेट या माणसांनी घडवली, आणि त्यांपैकी अर्ल सोडले तर बाकीच्यांची नावे आज चाहत्यांनाही चटकन आठवत नाहीत.

नीरक्षीर :

आपण दिलेल्या तारखांबद्दल वाद नाही; मात्र त्या तारखांना जे जन्माला आले, ते नेमके काय होते हेही सांगायला हवे. सहा सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन, त्याला जोडलेला दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स, खिडक्यांना काचा नाहीत आणि दाराला बाहेरून मूठ नाही, त्यामुळे दार उघडायचे तर हात आत घालायचा. एवढ्यासाठी किंमत साडेतीन हजार डॉलर. १९५३ मध्ये सर्व मिळून ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. पुढच्या वर्षी ३,६४० बनवल्या, त्यांतल्या हजाराहून अधिक वर्ष संपले तरी विकल्या गेल्या नाहीत, आणि १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. कंपनीत ही गाडी गुंडाळून टाकण्याची चर्चा उघडपणे सुरू होती. अर्ल यांचा मोटोरामाचा देखणा नमुना तिथेच संपला असता, तर आज त्याची आठवण जुन्या प्रदर्शनांच्या छायाचित्रांपुरती उरली असती.

डंटॉव्ह यांनी डिसेंबर १९५३ मध्ये वरिष्ठांना एक टिपण लिहिले. तरुण मुले आणि घरच्या घरी गाड्या वेगवान करणारे हौशी लोक फोर्डच्या इंजिनांभोवती जमले आहेत, त्यांना आपल्याकडे वळवायचे तर शेव्हरोलेने तयार आणि कसून तपासलेले शर्यतीचे भाग विकायला ठेवले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. ब्रुसेल्समध्ये जन्मलेला, लेनिनग्राडमध्ये वाढलेला, बर्लिनमध्ये शिकलेला आणि १९४० मध्ये नाझींपासून जीव वाचवून फ्रान्समधून निसटलेला हा ज्यू अभियंता अमेरिकी तरुणांच्या मनाचा ठाव डेट्रॉइटच्या साहेबांना समजावून सांगत होता. त्याला तो अधिकारही होता, कारण न्यूयॉर्कमध्ये ‘आर्डन’ नावाने फोर्डच्या व्ही-८ साठी, म्हणजे ‘व्ही’ आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनासाठी, सुधारित सिलिंडर हेड बनवून विकण्याचा धंदा त्याने स्वतः केला होता. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले, की फोर्डची थंडरबर्ड बाजारात उतरत असताना कॉर्व्हेट मागे घेणे म्हणजे पराभवाची जाहीर कबुली ठरेल.

पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप करणारा दांडा, आला, १९५६ च्या जानेवारीत डेटोनाच्या वाळूवर त्यांनी स्वतः चालवून ताशी १५० मैलांचा वेग गाठला, आणि १९५७ मध्ये कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारी प्रणाली बसवून २८३ घन इंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती काढली गेली. मरणपंथाला लागलेल्या गाडीला शर्यतीच्या मैदानात उभे करणाऱ्याला लोक जनक म्हणत असतील, तर त्यात मला काही वावगे दिसत नाही.

तिसरा गिअर :

आपण दोघेही एका वस्तूला वळसा घालून पुढे गेला आहात, आणि ती म्हणजे इंजिन. १९५५ च्या कॉर्व्हेटमध्ये २६५ घन इंचांचे व्ही-८ बसले, त्या दिवशी गाडीचे नशीब पालटले. १९५ अश्वशक्ती देणारे हे इंजिन जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा वजनाला हलके होते. ते एड कोल यांनी हॅरी बार यांना सोबत घेऊन घडवले होते. दोघांनीही कॅडिलॅकच्या १९४९ च्या व्ही-८ वर आधी काम केलेले होते. पत्र्यातून ठोकून काढलेले हलके रॉकर आर्म, म्हणजे झडपा दाबणारे छोटे दांडे, ज्यांच्यामुळे इंजिन वेगाने फिरू शकत होते, ते तर जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागाच्या अभियंत्यांचे होते. त्या इंजिनाशिवाय डंटॉव्ह यांचा कॅमशाफ्ट बसणार तरी कुठे होता? आणि ही गाडी वाचण्याचे श्रेय शोधायचे असेल, तर थोडे फोर्डलाही द्यावे लागेल. पहिल्याच वर्षी १६,१५५ थंडरबर्ड विकल्या गेल्यावर जनरल मोटर्सला मैदान सोडणे अब्रूचे वाटले नाही. एकट्या टिपणाने एवढी मोठी कंपनी हलत नसते.

जुना कार्बोरेटर :

तिसरा गिअर यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. त्यात आणखी भर घालतो. कॉर्व्हेटचे शरीर काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचे, म्हणजे फायबरग्लासचे होते. प्रदर्शनातली गाडी लवकर तयार व्हावी म्हणून हा पदार्थ वापरला होता; विक्रीच्या गाड्या पोलादी पत्र्याच्या कराव्यात असाही विचार होता. पण एवढ्या मोठ्या संख्येने असे भाग साच्यातून काढता येतील, असा भरवसा ओहायोतील अ‍ॅश्टाबुला येथील मोल्डेड फायबर ग्लास कंपनीचे रॉबर्ट मॉरिसन यांनी दिला आणि तो खरा करून दाखवला. आज सत्तर वर्षे उलटल्यावरही कॉर्व्हेटच्या बाह्यांगाला पोलादी पत्रा नाही, आणि ही ओळख ना अर्ल यांनी दिली ना डंटॉव्ह यांनी.

नीरक्षीर यांनी गाडी वाचवण्याची कहाणी प्रभावीपणे मांडली, हे खरे. पण बुडणारा धंदा सावरणाऱ्या पुतण्याला आपण संस्थापक म्हणत नाही. त्याचा मान वेगळा असतो, आणि तो कमी असतो असेही नाही.

रेखाटन :

मला या चर्चेत बिल मिचेल यांची अनुपस्थिती खटकते. अर्ल १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि आरेखन विभाग मिचेल यांच्याकडे आला. जगभर लोकांच्या डोळ्यांपुढे ‘जुनी कॉर्व्हेट’ म्हणून जे चित्र उभे राहते, ते बहुधा १९६३ च्या स्टिंग रेचे असते, आणि तिचा वंशवृक्ष पूर्णपणे आरेखनकारांचा आहे. पीटर ब्रॉक या अगदी तरुण कलाकाराचे रेखाचित्र मिचेल यांनी १९५७ मध्ये निवडले. त्याच कल्पनेवर, रद्द झालेल्या शर्यतीच्या गाडीची चौकट वापरून, त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक गाडी मैदानात उतरवली. पुढे लॅरी शिनोडा यांनी तिला विक्रीयोग्य रूप दिले. शिनोडा जपानी वंशाचे अमेरिकी; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलगा असताना अमेरिकी सरकारने त्यांना कुटुंबासह मांझानारच्या छावणीत डांबले होते. त्याच देशाच्या सर्वांत अमेरिकी म्हणवणाऱ्या गाडीला त्यांनी चेहरा दिला, ही गोष्ट मला डंटॉव्ह यांच्या पलायनाइतकीच सांगण्याजोगी वाटते.

मागच्या काचेचे दोन भाग करणाऱ्या उभ्या पट्टीवरून मिचेल आणि डंटॉव्ह यांच्यात जोरदार खटके उडाले. मागचे दिसत नाही, अशी डंटॉव्ह यांची तक्रार होती. ती पट्टी गेली तर आकाराचा कणाच मोडतो, असे मिचेल यांचे म्हणणे होते. मिचेल यांची सरशी झाली. त्या वर्षी २१,५१३ गाड्या खपल्या आणि आज संग्राहक त्याच दुभंगलेल्या काचेसाठी जास्त पैसे मोजतात. नीरक्षीर यांच्या नायकाचे तेव्हा ऐकले गेले असते, तर हा अलंकारच आपल्याला दिसला नसता.

नीरक्षीर :

रेखाटन यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. ती पट्टी १९६४ च्या गाडीत काढून टाकण्यात आली, म्हणजे वर्षभरातच डंटॉव्ह यांचे म्हणणे कंपनीला पटले. आणि त्या देखण्या पत्र्याखाली, क्षमस्व, फायबरग्लासखाली, होते काय? मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, चौकटीला जखडलेले डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत शक्ती वाटणारी दातेरी पेटी) आणि आडवी बसवलेली पाट्यांची स्प्रिंग. रस्ता खराब असताना मागची दोन्ही चाके एकाच दांड्यासारखी उसळत नाहीत, ती याच रचनेमुळे. तिच्यावर डंटॉव्ह यांचा हात होता, आणि तीच रचना थोड्याफार फरकाने दोन दशके टिकली. याउलट ज्या आकाराचे कौतुक चालले आहे, तो आकार जास्त वेगात गाडीचे नाक वर उचलत असे.

दुसरे असे, की त्यांना मिळालेल्या नकारांचीही नोंद घ्यायला हवी. शर्यतीसाठी १२५ हलक्या ‘ग्रँड स्पोर्ट’ बांधायचा त्यांचा बेत होता. मोटार कंपन्यांनी १९५७ मध्ये शर्यतींपासून दूर राहण्याचे ठरवले होते, त्यामुळे वरिष्ठांनी तो पाचांवर थांबवला. इंजिन चालकाच्या मागे, गाडीच्या मध्यभागी असावे, हा आग्रह त्यांनी १९६० च्या प्रायोगिक गाडीपासून धरला आणि १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. तशी कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये जगापुढे आली, त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

तिसरा गिअर :

मधल्या इंजिनाचा दाखला आपल्या बाजूने कसा जातो, हे मला उमगलेले नाही. ज्याची सर्वांत लाडकी कल्पना कंपनीने हयातभर अडवून धरली, त्याच्या हाती गाडीचा निर्णय कधीच नव्हता. एड कोल तर पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले, तरीही त्यांच्या काळात ती गाडी बाजारात आली नाही. पुढचे इंजिन असलेली गाडी स्वस्तात तयार होत होती आणि बनवली तेवढी खपत होती. हिशेबाच्या वहीपुढे जनक, तारणहार आणि अध्यक्ष या तिघांचेही चालले नाही. तेव्हा श्रेयाच्या यादीत मी कोल यांना पहिले, अर्ल यांना दुसरे आणि डंटॉव्ह यांना तिसरे स्थान देईन. मॅक्लीन यांना चौथे द्यायचे की मॉरिसन यांना, यावर मात्र जुना कार्बोरेटर यांनी लिहावे.