शनिवारच्या इटालियन जेवणाच्या बिलाबाबत (सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा, नावांऐवजी घरक्रमांक)

ए-३०२ : सर्वांना नमस्कार. शनिवारी आपण सोळा जण कोपऱ्यावरच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवलो आणि बिल सर्वांमध्ये समान वाटले गेले. आम्हा दोघांची रक्कम मी त्याच रात्री खजिनदारांकडे पाठवली आहे, त्यामुळे पैसे द्यायचे नाहीत म्हणून मी लिहिते आहे असे कृपया कोणी समजू नये. आम्ही शाकाहारी आहोत, मद्य घेत नाही आणि भिंतीकडच्या टोकाला बसलो होतो. आमच्यापर्यंत बुराटाची, म्हणजे आत साय भरलेल्या ताज्या चीजची, प्लेट आली तेव्हा तिच्यात टोमॅटोच्या दोन फोडी आणि तेलाचा ओघळ एवढेच उरले होते. मशरूमचा रिसोटो, म्हणजे मऊसर इटालियन भात, तर आम्ही दुरूनच पाहिला. मागच्या जेवणातही हेच झाले होते आणि तेव्हा मी काही बोलले नव्हते.

खजिनदार (बी-१०१) : ताई, आपली रक्कम मिळाली आहे, धन्यवाद. समान वाटणीचा निर्णय जेवणाच्या आधी याच ग्रुपवर झाला होता आणि त्याला आपणही संमती दिली होती, याची फक्त नोंद करतो.

सी-४०४ : बिलाचा फोटो ग्रुपवर टाकावा, ही विनंती.

बी-५०१ : वहिनी, मला हे पटत नाही. पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि सर्वांनी मिळून खायचे, हीच इटालियन पद्धत आहे. कोणी किती घास घेतले याचा हिशेब मांडायचा असेल तर अशा ठिकाणी जाण्यातला आनंदच संपतो.

सी-२०३ : काका, आपला मान ठेवून सांगते, पण ही इटालियन पद्धत नव्हे. इटलीतल्या रीतसर जेवणाला ठरलेला क्रम असतो. आरंभी अँटिपास्तो, म्हणजे सुरुवातीचे हलके पदार्थ, येतात, मग पास्ता, रिसोटो किंवा सूप, त्यानंतर मांस किंवा मासे आणि सोबत वेगळ्या बशीत भाजी, व शेवटी गोड. यांतला पहिला प्रकार अनेकदा मधोमध ठेवून वाटून घेतात, पण पास्ता प्रत्येकाच्या पुढ्यात आपापला येतो. नेपल्समध्ये तर पिझ्झाही माणशी एक घेतात, कारण प्रखर तापलेल्या भट्टीत जेमतेम दीड मिनिटात भाजलेला तो पिझ्झा मध्यभागी मऊ आणि ओलसर असतो आणि त्याचे तुकडे करून फिरवत बसले तर त्याची सगळी रयाच जाते. व्हेनिसमध्ये चिकेत्ती नावाचे छोटे छोटे पदार्थ पेयाबरोबर खातात, पण ते उभ्या उभ्या खायचे, पूर्ण जेवण नव्हे. सगळेच पदार्थ मधोमध ठेवण्याची व्यवस्था या रेस्टॉरंटने स्वतः निवडलेली आहे. ती मला आवडतेही, पण तिच्यासाठी मागणी विचारपूर्वक द्यावी लागते आणि शनिवारी ती तशी दिली गेली नाही.

बी-५०१ : आपण तिकडे राहून आलात हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. मागणी मी दिली होती, तेव्हा रोख कोणाकडे आहे हेही समजले.

सी-२०३ : रोख कोणाकडेही नाही. वेटरने मागणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा बाकीचे गप्पांत होते आणि आपण पुढाकार घेतला नसता तर आपण तासभर नुसता पाव खात बसलो असतो.

बी-३०३ : आमच्या टोकाला चार तरुण मंडळी होती, तेव्हा बुराटा कुठे गेली याचा शोध फार लांबवर घ्यावा लागणार नाही!

ए-३०२ : हा थट्टेचा विषय नाही.

सी-४०४ : बिलाचा फोटो ग्रुपवर टाकावा, ही विनंती मी पुन्हा करतो.

डी-१०२ : बिलाचे आपण ठरवालच, पण मला वेगळीच काळजी आहे. माझ्या मुलाला काजू आणि अक्रोडाची ॲलर्जी आहे, हे इथे सर्वांना माहीत आहे. पेस्टो (हिरव्या चटणीच्या) पास्त्याची प्लेट मी मुद्दाम दूर ठेवायला सांगितली होती. तरीही त्याच प्लेटमधला हिरवा माखलेला चमचा कोणीतरी साध्या टोमॅटो पास्त्यात घातला आणि मुलगा त्यातलेच वाढून घेत होता. मी वेळेवर त्याचा हात धरला म्हणून निभावले. कोणी घातला हे मला जाणून घ्यायचे नाही. प्रत्येक प्लेटला तिचा स्वतंत्र चमचा असावा आणि तो तिथेच राहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सचिव : डी-१०२ यांचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. कृपया सर्वांनी तो लक्षपूर्वक वाचावा.

सी-२०३ : पूर्ण सहमत. जेनोआच्या मूळ पेस्टोत बेझिल (तुळशीच्या जातीची पाने), लसूण, ऑलिव्ह तेल, दोन प्रकारचे चीज आणि चिलगोज्याच्या जातीच्या बिया असतात. परंतु त्या बिया महाग असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्यांच्याऐवजी काजू किंवा अक्रोड वापरतात आणि मेनूवर मात्र नुसते 'पेस्टो' लिहिलेले असते. म्हणून 'यात सुका मेवा आहे का' असे मोघम विचारून भागत नाही, 'नेमके काय वाटले आहे' असे विचारावे लागते. ज्याला गव्हाचे चालत नाही त्याचीही तीच अडचण होते. रिसोटो तांदळाचा असतो, पण पास्त्यातला चमचा त्यात आला की तो त्या माणसासाठी बाद झाला.

बी-५०१ : शाकाहारी मंडळींसाठी मी सहा पदार्थ मागवले होते. वेटरने ते शाकाहारी असल्याची खात्री दिली होती, म्हणून त्याबद्दल तरी तक्रार नसावी.

सी-२०३ : काका, तिथेही थोडी गफलत आहे. अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, हे नाव त्या चीजला तेव्हाच लावता येते जेव्हा दूध विरजताना वासराच्या जठरातून काढलेले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरलेले असते. तिथे वनस्पतिजन्य पर्याय नियमात बसतच नाही. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे चीज कोकराच्या रेनेटवर तयार होते. म्हणजे वरून किसलेले चीज अस्सल असेल तर तो पदार्थ काटेकोर अर्थाने शाकाहारी राहत नाही. इतर अनेक चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर करतात, आणि मास्कार्पोने या मऊ चीजला तर रेनेट लागतच नाही, साय आम्लाने घट्ट करतात. रिसोटो बहुधा मांसाच्या किंवा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, म्हणून मशरूमचा रिसोटो म्हटला तरी रस्सा कशाचा आहे हे विचारायलाच हवे. तिरामिसू या गोड पदार्थात पारंपरिक पद्धतीने कच्च्या अंड्याचे बलक असतात आणि तिच्यातल्या बिस्किटांतही अंडे असते.

ए-३०२ : हे मला आज कळते आहे आणि मनाला फार लागले आहे. तिरामिसू मी आनंदाने खाल्ली होती. आपल्याला हे ठाऊक होते, तर आपण टेबलावरच का सांगितले नाही?

सी-२०३ : ताई, मी दुसऱ्या टोकाला होते आणि आपण अंडे घेत नाही हे मला माहीत नव्हते. आपल्या मनाला लागणे स्वाभाविक आहे. शाकाहार प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून जेवायला बसण्याआधीच तो सर्वांना कळायला हवा.

बी-५०१ : मी वेटरवर विश्वास ठेवला. यापेक्षा अधिक मी काय करायला हवे होते, हे कृपया कोणीतरी सांगावे. पुढच्या वेळी मागणी दुसऱ्या कोणीतरी द्यावी.

ए-१०४ : बी-५०१चे काका नेहमी पुढे होतात म्हणून आपली जेवणे होतात, हे विसरू नये. टेबल त्यांनीच राखून ठेवले होते आणि शेवटपर्यंत थांबून बिलही त्यांनीच तपासले.

सी-४०४ : तपासलेले बिल असेल तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा, ही विनंती.

खजिनदार (बी-१०१) : फोटो टाकला आहे. तीच विनंती तीन वेळा करण्याची आवश्यकता नव्हती. आता सर्वांनी नीट पाहावे. बिलाचा जवळजवळ निम्मा भाग पेयांचा आहे आणि मद्य सोळांपैकी सातच जणांनी घेतले. पावाचे पैसे वेगळे लावलेले आहेत आणि सेवाशुल्क एकूण रकमेवर आहे, म्हणजे त्यातलाही मोठा भाग पेयांमुळेच वाढला.

सी-४०४ : पावाचे पैसे कशासाठी? पाव त्यांनी न मागता आणून ठेवला होता.

सी-२०३ : इटलीत अनेक रेस्टॉरंटे माणशी ठरावीक रक्कम घेतात, तिला कोपेर्तो म्हणतात. टेबलाची मांडणी आणि पाव त्यातच येतो आणि ती रक्कम मेनूवर आधीच छापलेली असते. इथे ती मेनूवर असल्याचे मला आठवत नाही, तेव्हा बसतानाच विचारून घ्यावे आणि नको असेल तर पाव परत पाठवावा. तसाही इतक्या लवकर आलेल्या फोकाच्चाने, म्हणजे त्या पावाने, निम्म्या मंडळींची भूक मोडली होती.

बी-३०३ : तो फोकाच्चा मात्र सर्वांत उत्तम होता, हे नोंदवून ठेवतो. बाहेरून कुरकुरीत, आत जाळीदार आणि वर जाड मिठाचे खडे!

ए-३०२ : खजिनदारसाहेब, आभारी आहे. मला हेच म्हणायचे होते आणि ते मला नीट मांडता आले नव्हते. बुराटाचे दोन घास कमी मिळाल्याचे दुःख मी कधीच विसरले असते, पण आमच्या रकमेतला जवळजवळ निम्मा भाग आम्ही न प्यायलेल्या पेयांचा असतो आणि तरीही कुरकुर आम्हीच करतो असे वाटू दिले जाते, हे खटकते.

बी-५०१ : पेये वेगळी लिहायला हवी होती, हे मान्य. आम्हा सात जणांनी फरक परत करावा असे मी सुचवतो आणि माझा भाग आजच पाठवतो.

ए-१०४ : सहमत. मीही पाठवते.

सी-२०३ : पैशाचा प्रश्न सुटतो आहे याचा आनंद आहे. पण ताई, त्या बुराटाबद्दलही मला काही सांगायचे आहे, कारण बिल समान वाटा की वेगळे, अशा जेवणातला अन्याय मागणी देतानाच होऊन बसतो. एक प्लेट दोघा-चौघांच्या अंदाजाने केलेली असते. बुराटा म्हणजे वरून मोझरेलाची पातळ पिशवी आणि आत तिच्याच ताज्या धाग्यांत मिसळलेली साय. सुरीचे टोक लागताच ती साय प्लेटभर पसरते, पावाच्या पहिल्या तीन-चार तुकड्यांबरोबर संपते आणि मग उरते ते नुसते पांढरे कवच. ती सोळा जणांत फिरवायची वस्तूच नव्हे. आपण दहा वेगवेगळे पदार्थ एकेकच मागवले, म्हणजे सर्वांना सर्व काही चाखायला मिळेल असे वाटले, आणि प्रत्यक्षात मधल्या सहा जणांना सर्व मिळाले. त्याऐवजी पाचच पदार्थ निवडून प्रत्येकाच्या चार-चार प्लेटा मागवल्या असत्या आणि दर चौघांमध्ये एक ठेवली असती, तर सर्वजण सारखे जेवले असते.

दुसरे म्हणजे, अशा ठिकाणी पदार्थ जसजसे तयार होतात तसतसे टेबलावर येतात. शनिवारी दोन पास्ते, रिसोटो आणि मासे एकाच वेळी आले, सर्वजण 'आधी तुम्ही घ्या' म्हणत थांबले आणि फोटो काढले गेले. रिसोटो हा थांबण्याचा पदार्थच नाही. अठरा-वीस मिनिटे ढवळून तो अशा बेताने उतरवतात की प्लेट कलती केली तर तो लाटेसारखा सरकावा, आणि पाच मिनिटे तसाच राहिला तर त्याचा गोळा होतो. बऱ्याच जणांनी 'रिसोटो चिकट होता' असे जे म्हटले, तो दोष आचाऱ्याचा नव्हता. सगळी मागणी एकदम देऊ नये, पहिल्या फेरीत थंड पदार्थ सांगावेत आणि ते संपत आले की गरम सांगावेत. चांगला वेटर हे ऐकून घेतो. त्याला फक्त आधी सांगावे लागते.

डी-१०२ : हे सर्व आधी कोणी समजावले असते तर किती बरे झाले असते. लहान मुलांसाठी एक साधा पास्ता त्यांच्याच पुढ्यात, वेगळ्या प्लेटमध्ये मागवावा, हेही यात घालावे.

बी-५०१ : मुद्दे योग्य आहेत. थोडे कमी शब्दांत सांगितले असते तरी समजले असते, परंतु योग्य आहेत.

सचिव : चर्चा पुरेशी झाली आहे. पुढच्या जेवणासाठी पुढीलप्रमाणे ठरवू या. पेयांचे बिल वेगळे घेतले जाईल आणि ते घेणाऱ्यांनीच भरायचे. जेवणाचे बिल समान वाटले जाईल. प्रत्येकाने आपला आहार, अंड्यासकट, आणि ॲलर्जी असल्यास तीही आदल्या दिवसापर्यंत मला कळवावी, म्हणजे मी ती यादी टेबल राखून ठेवतानाच देईन. एका लांब टेबलाऐवजी चार-चार जणांची टेबले मागू या. मागणी बी-५०१चे काका आणि सी-२०३च्या ताई यांनी मिळून द्यावी, अशी दोघांनाही विनंती आहे.

सी-२०३ : मला मान्य आहे.

बी-५०१ : मलाही. परंतु चार टेबले केली तर एकत्र जेवण्याचा अर्थ काय राहिला?

ए-१०४ : टेबले जोडून ठेवायची, प्लेटा मात्र दर चौघांना वेगळ्या द्यायच्या.

बी-५०१ : तसे असेल तर हरकत नाही.

ए-३०२ : फरकाची रक्कम मिळू लागली आहे, सर्वांचे आभार. आम्ही दोघे पुढच्या वेळीही येऊ. अंडे आणि प्राणिजन्य रेनेट दोन्ही आम्हाला चालणार नाही, हे आताच नोंदवते. असे असताना त्या मेनूवर आमच्यासाठी नक्की काय उरते, हे कोणी सांगू शकेल का?

सी-२०३ : ताई, बरेच काही उरते. कोरडा पास्ता बहुधा रवा आणि पाणी एवढ्यानेच केलेला असतो. ताज्या पास्त्यात मात्र अनेकदा अंडे असते, म्हणून कोरडाच मागावा. लसूण-तेल-मिरचीचा स्पॅगेटी मुळात चीजशिवायच करतात. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. भाजलेल्या भाज्या आणि टोमॅटो घातलेला ब्रुस्केता, म्हणजे भाजलेला पाव, आहेच. रिसोटो भाजीच्या रश्शात आणि चीजशिवाय करून देतील का, हे विचारता येईल, पण तो रस्सा त्यांना आधीपासून तयार ठेवावा लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगितलेले बरे.

डी-१०२ : मी उद्या दुपारी गर्दी नसताना तिथे जाऊन पेस्टोबद्दल मुख्य आचाऱ्यांशी स्वतः बोलणार आहे. वहिनी, रिसोटोच्या रश्शाचेही तेव्हाच विचारून घेते. आणखी कोणाला काही विचारायचे असल्यास सकाळी दहापर्यंत मला वैयक्तिक संदेश पाठवावा.